प्रकल्प नोंदी: कॅप्चर ड्रायव्हरच्या मेमरी कोडचा रिव्ह्यू

३ मार्च २०२५, सोमवार

काम असं: डेटा कॅप्चर कार्डाचा ड्रायव्हर लिनक्स ४.१९ वरून ६.६ वर आणायचा आहे. एकूण ११ पॅच, म्हणजे कोडातल्या बदलांचे गठ्ठे. त्यांतल्या मेमरी हाताळणाऱ्या चार फाइली, मिळून साधारण २,३०० ओळी, एवढाच या नोंदींचा विषय. रजिस्टरं आणि सिसएफएसचा भाग वेगळा तपासला जातोय.

फाइल वरून खाली वाचत गेलं की कोड हळूहळू पटत जातो आणि पटलेल्या कोडातली चूक डोळ्यांना दिसेनाशी होते. म्हणून वाचायच्या आधी तक्ता केला. मेमरी घेणारी प्रत्येक ओळ शोधायची आणि तिच्यापुढे पाच रकाने भरायचे: किती बाइट, कोणते फ्लॅग (मागणीच्या अटी सांगणाऱ्या खुणा), मेमरी कोणाच्या ताब्यात जाते, ती कोण सोडतं, आणि मध्येच काही फसलं तर कोण सोडतं. अशा ३४ जागा निघाल्या. पहिले चार रकाने दुपारपर्यंत भरले. पाचवा रकाना मात्र १३ जागी नुसता कोड वाचून भरता आला नाही. त्या १३ जागांवर लाल खूण केली आहे.

चाचणीसाठी क्यूएमू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ४ सीपीयू आणि २ जीबी मेमरीचं मशीन. कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) कासान (चुकीच्या जागी होणारं वाचन-लेखन पकडतो), लॉकडेप (लॉकांच्या क्रमातल्या चुका पकडतो), अ‍ॅटॉमिक स्लीपची तपासणी, केमेमलीक (न सोडलेली मेमरी शोधतो), पेज ओनर (कोणतं पेज, म्हणजे मेमरीचा ४ केबीचा तुकडा, कोणी घेतलं याची नोंद), पेज पॉयझनिंग (सुटलेलं पेज ठरावीक बाइटांनी भरणं) आणि फॉल्ट इंजेक्शन (मागण्या मुद्दाम नापास करणं) चालू. कासान दर ८ बाइटांमागे १ बाइट स्वतःच्या हिशोबासाठी ठेवतो, म्हणजे २ जीबीतले २५६ एमबी तिथेच जातात. १ जीबीच्या मशीनवर हे सगळं एकदम चालू केलं तर मेमरीचा तुटवडा कोडामुळे पडला की साधनांमुळे, हे कळणार नाही.

४ मार्च, मंगळवार

पॅच १ आणि २: जुनी नावं बदलून नवी. लिनक्स ५.८ मध्ये एममॅप_सेमचं (प्रोसेसच्या मेमरी नकाशावरचं लॉक) एममॅप_लॉक झालं, ६.३ पासून व्हीएमएचे (त्या नकाशातल्या एका सलग पट्ट्याचे) फ्लॅग थेट बदलता येत नाहीत, त्यासाठी व्हीएम_फ्लॅग्स_सेट वापरावं लागतं, ६.५ मध्ये गेट_यूजर_पेजेसमधलं शेवटचं आर्ग्युमेंट गेलं. हे सगळं कंपायलर स्वतःच दाखवतो. बदल बरोबर आहेत, फार वेळ दिला नाही.

वेळ गेला तो कंपायलर ज्याबद्दल अवाक्षर काढत नाही त्या एका ओळीवर. डीएमए बफर (कार्ड सीपीयूशिवाय थेट जिच्यात लिहितं ती मेमरी) घेताना ऑर्डर म्हणून, म्हणजे दोनाच्या कितव्या घाताइतकी पेजेस हवीत ते सांगायला, मॅक्स_ऑर्डर उणे १ दिलेलं आहे. ४.१९ मध्ये मॅक्स_ऑर्डर होतं ११ आणि ती मर्यादा बाहेरची होती, म्हणजे सर्वांत मोठी ऑर्डर १०. ऑर्डर १० म्हणजे १,०२४ पेजेस, ४ एमबी. ६.४ मध्ये या नावाचा अर्थच बदलला: आता मॅक्स_ऑर्डर म्हणजे १०, आणि ती मर्यादा धरून. तीच ओळ ६.६ वर ऑर्डर ९ मागते, म्हणजे २ एमबी. कंपायल होतं, चालतं, इशारा येत नाही.

खरा धोका पुढच्या फाइलमध्ये. कार्डाला बफरची लांबी सांगताना तिथे ४ एमबी हा आकडा हाताने लिहिलेला आहे. म्हणजे घेतले २ एमबी, कार्डाला सांगितले ४. उरलेल्या २ एमबीत, म्हणजे ५१२ पेजेसवर, कार्ड बिनदिक्कत लिहिणार आणि ती पेजेस त्या क्षणी कोणाचीही असू शकतात. कासान इथे आंधळा आहे, कारण तो सीपीयूने चालवलेल्या कोडावर नजर ठेवतो. कार्डाने थेट मेमरीत केलेलं लिखाण त्याच्यापुढून जातच नाही.

दुरुस्ती सुचवली: आकार एकाच जागी, बाइटांत. त्यावरून गेट_ऑर्डरने ऑर्डर काढायची आणि कार्डालाही तीच संख्या द्यायची. मॅक्स_ऑर्डर हे नाव ड्रायव्हरमध्ये राहू नये. ६.८ मध्ये ते मॅक्स_पेज_ऑर्डर झालं आहे, त्यामुळे पुढच्या वेळी निदान बिल्ड तरी तुटेल, पण तोवर थांबण्यात अर्थ नाही.

५ मार्च, बुधवार

पॅच ३: आयओसीटीएलमधून (प्रोग्रामने ड्रायव्हरला थेट आज्ञा देण्याचा सिस्टम कॉल) येणारी वर्णनांची यादी. वापरकर्ता संख्या देतो, ३२ बिटांची. प्रत्येक नोंद ४८ बाइटांची. गुणाकारही ३२ बिटांतच होतो. संख्या ८,९४,७८,४८६ दिली की गुणाकार येतो ४,२९,४९,६७,३२८. ३२ बिटांत मावतात ४,२९,४९,६७,२९६ पर्यायच, म्हणून उरतात ३२. केमॅलॉक (कर्नेलमध्ये सलग मेमरी देणारं फंक्शन) आनंदाने ३२ बाइट देतं आणि भरण्याचा लूप पहिल्याच नोंदीला १६ बाइट बाहेर जातो. कासानवर हे पहिल्या फटक्यात पकडलं गेलं.

नुसता केमॅलॉक_अ‍ॅरे वापरून गुणाकार सुरक्षित होईल, पण तेवढ्यावर थांबू नये. वापरकर्त्याने सांगितलं म्हणून कर्नेलने हवी तेवढी मेमरी का द्यावी? कार्ड एका वेळी ४,०९६ नोंदींपलीकडे घेतच नाही, तीच वरची मर्यादा ठेवायची. ४,०९६ गुणिले ४८ म्हणजे १,९६,६०८ बाइट, १९२ केबी, ४८ पेजेस.

आता १९२ केबी केमॅलॉकने मागणं हाही प्रश्नच. ४ केबी पेज असताना स्लबच्या (लहान तुकडे देणाऱ्या व्यवस्थेच्या) कॅशेस ८ केबीपर्यंत. त्यापुढची मागणी थेट पेज अ‍ॅलोकेटरकडे जाते आणि तो दोनाच्या घातातच देतो. ४८ पेजेससाठी सलग ६४, म्हणजे ऑर्डर ६. ऑर्डर ३ पर्यंतच्या मागणीसाठी कर्नेल जीव तोडून प्रयत्न करतं. त्यापुढच्याला खर्चिक समजून सोडून देऊ शकतं. बूट झाल्यावर तासाभरात सगळं सुरळीत दिसतं, आठवडाभर चालून मेमरी विखुरली की हीच मागणी नापास होते. म्हणून केव्हीमॅलॉक_अ‍ॅरे: सलग मिळालं तर ठीक, नाहीतर सुट्या पेजेसची आभासी सलग पट्टी. ही यादी कार्डाकडे जात नाही, फक्त सीपीयू वाचतो, म्हणून चालेल. डीएमएला द्यायची असती तर नसतं चाललं.

६ मार्च, गुरुवार

पॅच ३ ची दुसरी आवृत्ती आली. केव्हीमॅलॉक_अ‍ॅरे आलं, मर्यादाही आली. नेहमीच्या वाटेवर ती मेमरी सोडणारं केव्हीफ्री आहे. पण कॉपी_फ्रॉम_यूजर (वापरकर्त्याच्या मेमरीतून नक्कल) फसलं तर जी वाट आहे तिथे केमॅलॉकच्या जोडीचा जुना केफ्री तसाच राहिला.

हे चाचणीत सहजी सापडणारं नाही. केव्हीमॅलॉक आधी केमॅलॉकच करून बघतं आणि मोकळ्या मशीनवर ते यशस्वी होतं. मग केफ्री बरोबरच ठरतं. सलग मेमरी न मिळाल्यावर पत्ता व्हीमॅलॉकच्या, म्हणजे सुट्या पेजेसच्या पट्टीच्या, टापूतला येतो. त्या पत्त्यावरून केफ्री जे पेज शोधून काढतं त्याचा खऱ्या पेजशी काही संबंध नसतो, आणि कर्नेल तिथेच कोसळतं. म्हणजे दोन दुर्मीळ गोष्टी एकदम घडाव्या लागतात: मेमरी विखुरलेली आणि वापरकर्त्याचा पत्ता चुकीचा.

दोन्ही मुद्दाम घडवल्या. फेल_पेज_अलॉकमध्ये (पेजेसच्या मागण्या नापास करणाऱ्या सोयीत) किमान ऑर्डर १ ठेवली, शक्यता १०० टक्के केली, थांबू शकणाऱ्या मागण्या वगळण्याचा पर्याय बंद केला आणि नापास करणं चाचणीच्या प्रोसेसपुरतंच ठेवलं. यामुळे एकाहून जास्त पेजेसची प्रत्येक मागणी नापास होते आणि सुट्या पेजेसची पास होते. केव्हीमॅलॉकला दुसरी वाट धरावीच लागते. मग आयओसीटीएलला ४,०९६ नोंदी आणि मॅप न केलेला पत्ता दिला. पहिल्याच प्रयत्नात कोसळलं. ही चाचणी कायमच्या संचात टाकली आहे.

७ मार्च, शुक्रवार

पॅच ४: बफरांचा साठा. वापरून झालेले बफर लगेच न सोडता एका यादीत ठेवतात, मागणी आली की तिथूनच देतात. कल्पना चांगली, लॉकिंग दोन ठिकाणी चुकलेलं.

पहिली जागा: स्पिनलॉक (जो धरून झोपता येत नाही असं लॉक) धरून, इंटरप्ट (हार्डवेअरच्या हाका) बंद असताना जीएफपी_कर्नेलने मागणी. या फ्लॅगचा अर्थच असा की गरज पडली तर झोपायची तयारी आहे. अ‍ॅटॉमिक स्लीपची तपासणी चालू असल्यामुळे मेमरी भरपूर असतानाही इशारा आला. ती तपासणी नसती तर महिनोन्‌महिने काही दिसलं नसतं.

यावर नेहमी येणारं उत्तर म्हणजे फ्लॅग बदलून जीएफपी_अ‍ॅटॉमिक करणं, आणि तेच आलं. ते परत पाठवलं. अ‍ॅटॉमिक मागणी राखीव साठ्याला हात घालू शकते, तो साठा खऱ्या अडचणीतल्या इंटरप्ट हँडलरांसाठी ठेवलेला असतो. शिवाय ती थांबू शकत नाही, म्हणून ताण आला की आधी तीच नापास होते. इथे लॉकबाहेर येऊन मेमरी घेणं सहज शक्य आहे. आधी जीएफपी_कर्नेलने घ्या, मग लॉक धरा, धरल्यावर परिस्थिती पुन्हा तपासा. मधल्या काळात दुसऱ्याने काम उरकलं असेल तर लॉक सोडून आपली मेमरी परत करा. पाच-सहा ओळी वाढतात. पुन्हा तपासण्याची ओळ विसरली तर एकाच जागेसाठी दोन बफर जोडले जातात आणि पहिला कायमचा गळतो, म्हणून त्या ओळीवर कॉमेंट मागितली आहे.

दुसरी जागा सोमवारी. तिला वेळ लागणार.

१० मार्च, सोमवार

साठ्याला श्रिंकर जोडला आहे: मेमरी कमी पडली की कर्नेल श्रिंकरला हाक मारतं आणि तो यादीतले बफर सोडतो. श्रिंकर साठ्याचा म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) धरतो. बफर वाढवणारं फंक्शनही तोच म्यूटेक्स धरतं आणि धरलेला असतानाच जीएफपी_कर्नेलने मागणी करतं. मेमरी नसेल तर ही मागणी स्वतःच मोकळं करण्याच्या कामाला लागते, त्याच थ्रेडमध्ये श्रिंकरला हाक मारते, श्रिंकर म्यूटेक्स मागतो, आणि तो म्यूटेक्स याच थ्रेडच्या हातात असतो. स्वतःचीच वाट बघत थ्रेड कायमचा उभा. मशीन बंद पडत नाही, कोसळत नाही, लॉगमध्ये लगेच काही येत नाही. फक्त त्या कार्डाला हात लावणारी प्रत्येक प्रोसेस एकेक करून अडकत जाते.

लॉकडेपकडे यासाठी एफएस_रीक्लेम नावाचा खोटा लॉक आहे. झोपू शकणारी प्रत्येक मागणी तो क्षणभर धरल्याची नोंद करते. मोकळं करण्याचं काम चालू असताना तो धरलेला असतो. म्हणजे म्यूटेक्सनंतर एफएस_रीक्लेम हा क्रम रोज दिसतो, पण एफएस_रीक्लेमनंतर म्यूटेक्स हा क्रम खरा तुटवडा आल्याशिवाय दिसत नाही. त्याची वाट बघायची नाही. ड्रायव्हर सुरू होताना तीन ओळी घालायच्या: एफएस_रीक्लेम_अ‍ॅक्वायर, त्या म्यूटेक्सवर माइट_लॉक, एफएस_रीक्लेम_रिलीज. लॉकडेपला उलटा क्रम तिथेच शिकवला जातो आणि पहिल्या मागणीलाच तो बोंब मारतो. तसंच झालं.

दुरुस्ती: श्रिंकरमध्ये म्यूटेक्स_ट्रायलॉक (न थांबता मागून पाहणं), मिळाला नाही तर श्रिंक_स्टॉप परत. जोडीला वाढवणाऱ्या फंक्शनमधली मागणी म्यूटेक्सबाहेर. नुसत्या ट्रायलॉकने अडकणं थांबेल, पण ऐन गरजेच्या वेळी श्रिंकर हात हलवत परत येईल, म्हणून दोन्ही हवं. ट्रायलॉक केल्यावर शिकवणीच्या ओळीतला माइट_लॉक काढायचा, नाहीतर लॉकडेप नसलेल्या चुकीवर ओरडत राहील.

श्रिंकरमधलं बफर सोडणारं स्कॅन फंक्शन किती सोडले हे सांगण्याऐवजी किती उरले हे सांगत होतं. ३.१२ च्या आधीच्या रचनेत तसंच होतं, तिथून राहिलेलं दिसतं. साठा मोठा असेल तेव्हा कर्नेलला वाटतं भरपूर मोकळं झालं.

हे काम करणाऱ्या प्रत्येकासाठी एक सूचना: लॉकडेप पहिला अहवाल दिल्यावर स्वतः बंद होतो. एक सापडला, दुरुस्त केला, तरी रीबूट केल्याशिवाय दुसरा दिसणार नाही. आज तीनदा रीबूट.

११ मार्च, मंगळवार

पॅच ५: एममॅप हँडलर, म्हणजे ड्रायव्हरची मेमरी वापरकर्त्याच्या प्रोसेसला जोडून देणारा कोड. ही फाइल सर्वांत लहान, १४० ओळींची, आणि सर्वांत धोकादायक.

मागितलेली लांबी बफरपेक्षा मोठी नाही एवढंच तपासलेलं आहे. ऑफसेट (बफरमध्ये कुठून सुरू करायचं) तपासलेला नाही, पण मॅप करणाऱ्या रीमॅप_पीएफएन_रेंजला द्यायच्या पेज क्रमांकात तो मिळवलेला मात्र आहे. बफर २ एमबीचा, ५१२ पेजेसचा. वापरकर्त्याने लांबी १ पेज आणि ऑफसेट ५१२ पेजेस दिला की त्याला बफरच्या लगेच पुढचं पेज मिळतं, ते कोणाचंही असो. ऑफसेट वाढवत गेलं तर बफरच्या पुढची सगळी रॅम. डिव्हाइस फाइल उघडता येणाऱ्या कोणालाही मशीनचा ताबा मिळतो. हा पॅच आज थांबवला; बाकी काही होवो न होवो, हे असं पुढे जाणार नाही.

तपासणी पेजेसमध्ये आणि वजाबाकीने करावी: ऑफसेट एकूण पेजेसइतका किंवा जास्त असेल तर नकार, लांबी ही एकूण उणे ऑफसेट यापेक्षा जास्त असेल तरी नकार. ऑफसेट अधिक लांबी असं लिहिलं तर बेरीज उलटून लहान होण्याची शंका कायम राहते. वजाबाकी पहिल्या अटीनंतर होते, तिला उलटायला जागाच नाही.

याच फाइलमध्ये स्थितीचा एक ५,००० बाइटांचा ब्लॉक केमॅलॉकने घेऊन वापरकर्त्याला मॅप केला आहे. मॅपिंग पूर्ण पेजांचंच होतं, म्हणजे ८,१९२ बाइट जातात. उरलेल्या ३,१९२ बाइटांत त्या जागेच्या आधीच्या वापराचा मजकूर असू शकतो. स्लबमधली मेमरी वापरकर्त्याला मॅप करू नये, कधीच. अलॉक_पेजेसने दोन पेजेस घ्यावीत आणि शून्याने भरून घ्यावीत.

आणखी एक: मॅपिंग फक्त वाचण्यासाठी हवं म्हणून व्हीएम_राइट असेल तर नकार दिला आहे. पण व्हीएम_मेराइट (पुढे लेखन चालू करायची मुभा) तसाच. फाइल वाचन-लेखनासाठी उघडली, मॅप फक्त वाचनासाठी मागितलं, मग एमप्रोटेक्टने लेखन चालू केलं की काम झालं. व्हीएम_फ्लॅग्स_क्लिअरने मेराइटही काढायचा.

१२ मार्च, बुधवार

पॅच ५ पुढे. बफरवर रेफरन्स काउंट, म्हणजे वापरणाऱ्यांची मोजणी, आहे. एममॅप तो १ करतं, व्हीएमएचं क्लोज तो एकाने उतरवतं, शून्य झाला की बफर सुटतो. तो वाढवणारं ओपन लिहिलेलंच नाही.

एममॅपच्या वेळी ओपन बोलावलं जात नाही, म्हणून साध्या चाचणीत आकडे जुळतात. ओपन बोलावलं जातं ते फोर्कने नवी प्रोसेस होताना मॅपिंगची नक्कल होते तेव्हा, आणि एका मॅपिंगचे तुकडे होतात तेव्हा. फोर्क केलं, मूल प्रोसेस संपली, तिच्या क्लोजने काउंट शून्यावर. पालकाचं मॅपिंग जिवंत, बफर सुटलेला.

फोर्कचीही गरज नाही. १६ पेजेस मॅप करून मधली ४ मुनमॅप केली (त्यांचं मॅपिंग काढलं) की कर्नेल आधी मॅपिंग दोनदा तोडतं, तीन तुकडे होतात, दोन ओपन बोलावली जातात. मग मधला तुकडा काढताना एक क्लोज. हिशोब १ अधिक २ उणे १, म्हणजे २, दोन जिवंत तुकड्यांना दोन. ओपन नसेल तर १ उणे १, शून्य. एका मुनमॅपमध्ये सुटलेल्या मेमरीवर वापरकर्त्याचा हात.

कासान इथेही गप्प. वापरकर्त्याच्या पेज टेबलमधून होणारं वाचन त्याच्यापुढून जात नाही. त्यासाठी पेज पॉयझनिंग: सुटलेलं पेज हेक्स एए या बाइटांनी भरलं जातं. चाचणीचा प्रोग्राम बफरमध्ये ५५ लिहितो, मधली पेजेस मुनमॅप करतो आणि पहिलं पेज पुन्हा वाचतो. एए दिसलं की पेज गेलेलं. दिसलं. ओपन घातल्यावर ५५ कायम.

तक्त्यातल्या तिसऱ्या रकान्यात या बफरपुढे "ड्रायव्हर" असं लिहिलं होतं. ते खोडून "ड्रायव्हर आणि प्रत्येक व्हीएमए" असं केलं. तो रकाना भरताना एकच नाव लिहून मोकळं होण्याची घाई झाली होती. बाकीच्या ३३ जागांचा हा रकाना पुन्हा तपासायला घेतला.

१३ मार्च, गुरुवार

पॅच ६: वापरकर्त्याच्या मेमरीत थेट डीएमए. सबंध मालिकेतलं सर्वांत महत्त्वाचं फीचर हेच.

पेजांची संख्या लांबी भागिले ४,०९६ अशी काढली आहे. लांबी १ एमबी म्हणजे २५६. पण पत्ता पेजच्या सुरुवातीपासून १६ बाइट पुढे असेल तर तीच १ एमबी २५७ पेजेसना स्पर्श करते. शेवटच्या १६ बाइटांचं पेज पिन झालेलंच नाही, म्हणजे डीएमए संपेपर्यंत जागेवर धरलेलंच नाही. सूत्र: पेजमधला ऑफसेट अधिक लांबी, ती वरच्या पूर्ण पेजपर्यंत नेऊन मग भाग.

पेजेस धरून देणारं गेट_यूजर_पेजेस उणे आकडा देतं का एवढंच पाहिलं आहे. ते मागितल्यापेक्षा कमीही देऊ शकतं: २५७ मागितली, २०० नंतर मॅपिंग संपलं, उत्तर २००. कोड पुढच्या ५७ पॉइंटरांना खरे समजून चालतो. कमी आलं तर आलेली सगळी सोडायची आणि ईफॉल्ट (पत्ता चुकीचा) परत.

पण मुळात गेट नको, पिन हवं. कार्ड त्या पेजच्या आत लिहिणार आहे, तेही कितीतरी वेळ. पिन_यूजर_पेजेस आणि फॉल_लाँगटर्म दिलं की पेजेस आधी हलवता येण्याजोग्या टापूतून आणि सीएमएमधून (मोठ्या सलग मागण्यांसाठी राखलेल्या भागातून) बाहेर काढली जातात, मग पिन होतात. साध्या गेटने ती तिथेच अडकून बसतात आणि मेमरी सलग करायचं कर्नेलचं काम खोळंबतं.

पिन आणि सोडणं यांची जोडी जुळलीच पाहिजे. लहान पेजवर पिन म्हणजे काउंटमध्ये १,०२४ ची भर. ते पुट_पेजने सोडलं तर १ उतरतो, १,०२३ तसेच. पेज कधीच परत येत नाही. तपासायला सोपं आहे: प्रॉक व्हीएमस्टॅटमध्ये एनआर_फॉल_पिन_अ‍ॅक्वायर्ड आणि एनआर_फॉल_पिन_रिलीज्ड हे दोन आकडे असतात. चाचणीआधी आणि चाचणीनंतर दोन्ही लिहून ठेवायचे. दोघांची वाढ सारखी हवी. पिन घालून पण सोडणं पुट_पेजनेच ठेवून पाहिलं: १०० फेऱ्यांनंतर घेतलेल्यांत २५,७०० ची वाढ, सोडलेल्यांत शून्य.

कार्डाने लिहिलेलं पेज डर्टी (बदललेलं) म्हणून नोंदवलं नाही तर फाइलवर मॅप केलेल्या मेमरीतला डेटा डिस्कवर जाणारच नाही. त्यासाठी अनपिन_यूजर_पेजेस_डर्टी_लॉक. ते झोपू शकतं, म्हणून डीएमए संपल्याच्या इंटरप्टमधून बोलावता येत नाही, वर्कक्यू (काम नंतर झोपू शकणाऱ्या थ्रेडमध्ये करण्याची रांग) लागणार.

परवानगीच्या वाटा चुकवणारे फॉल_फोर्ससारखे फ्लॅग ड्रायव्हरमध्ये नकोत, हेही लिहून दिलं. डर्टी काऊ, म्हणजे सीव्हीई २०१६-५१९५ हा कर्नेलमधला सुरक्षा दोष, याच परिसरातला: लिहिण्यासाठी पेजची नक्कल करणं आणि एमअ‍ॅडव्हाइजने तीच नक्कल टाकून देणं यांची शर्यत. २.६.२२ पासून, २००७ पासून, कोडात होती आणि २०१६ मध्ये बंद झाली. एवढ्या डोळ्यांखालून गेलेला कोड नऊ वर्षं चुकीचा राहू शकतो, तर इथे आपण शॉर्टकट घेऊ नये.

१७ मार्च, सोमवार

पॅच ८. आयओसीटीएल ड्रायव्हरचा म्यूटेक्स धरून कॉपी_टू_यूजर करतं. फॉल्ट हँडलर (न जोडलेल्या पेजला हात लागल्यावर चालणारा कोड), जो एममॅप_लॉक धरलेला असतानाच चालतो, तोच म्यूटेक्स मागतो. एका थ्रेडकडे म्यूटेक्स आणि त्याला कॉपी करताना फॉल्ट येऊन एममॅप_लॉक हवा. दुसऱ्याकडे एममॅप_लॉक आणि त्याला म्यूटेक्स हवा. लॉकडेपने फॉल्ट न येताच दाखवलं. वापरकर्त्याला द्यायचं उत्तर ५६ बाइटांचं आहे: लॉकखाली स्टॅकवर नक्कल, लॉक सोडून मग वापरकर्त्याकडे. स्टॅकवरची रचना आधी शून्याने भरावी, तिच्यात दोन जागी ४ बाइटांच्या मोकळ्या फटी आहेत आणि त्यांतून कर्नेलचा जुना मजकूर बाहेर जाईल.

पॅच ९, कार्ड रीसेट. आधी बफर सोडतात, मग अनमॅप_मॅपिंग_रेंजने वापरकर्त्याच्या नोंदी काढतात. क्रम उलटा हवा. दुसऱ्या सीपीयूच्या टीएलबीत (पत्त्यांच्या कॅशमध्ये) जुना पत्ता अजून असतो. नोंदी काढून टीएलबी साफ होईपर्यंत पेज दुसऱ्याला द्यायचं नसतं. म्यूटेक्सखाली "बंद" खूण, मग नोंदी काढणं, मग सोडणं. फॉल्ट हँडलरने तीच खूण त्याच म्यूटेक्सखाली पाहून सिगबस (मेमरी तिथे नाही असा सिग्नल) द्यायचा, नाहीतर काढलेली नोंद लगेच परत येते.

१९ मार्च, बुधवार

परतीच्या वाटा. उरलेल्या लाल जागांसाठी फेल-एन्थ: चाचणीची प्रोसेस स्वतःच्या प्रॉकमधल्या त्या फाइलमध्ये क्रमांक लिहिते आणि तिच्या पुढच्या सिस्टम कॉलमधली तेवढ्या क्रमांकाची मागणी नापास होते. १ पासून सुरू करून एकेक वाढवायचं. नंतर फाइल वाचली आणि ० आलं तर नापास करणं घडलं. शून्याहून मोठा आकडा आला तर तेवढ्या मागण्या झाल्याच नाहीत, थांबायचं.

डिव्हाइस फाइलच्या ओपनमध्ये ९ जागा निघाल्या. ६ वर कासानने दुहेरी फ्री पकडलं: आतलं फंक्शन फसल्यावर स्वतःच मेमरी सोडतं आणि बाहेरचं पुन्हा सोडतं. दोघांनाही वाटतं जबाबदारी आपली. नियम ठरवला: फसलेल्या फंक्शनने आपण घेतलेलंच परत करायचं, हातात आलेल्याला हात लावायचा नाही.

८ वर काहीच इशारा नाही, पण प्रत्येक फेरीला मोकळी मेमरी २८ केबीने घटते. केमेमलीक रिकामा, कारण पेज अ‍ॅलोकेटरकडून थेट घेतलेली मेमरी तो बघतच नाही. ओपनमधल्या परतीच्या वाटेत चूक सापडली. ऑर्डर ३ ने ८ पेजेस घेऊन __फ्री_पेजने सोडली आहेत, जे फक्त १ सोडतं. सात गेली, सात चोक अठ्ठावीस. __फ्री_पेजेस हवं, ऑर्डर ३ सकट.

केमेमलीक चालवताना लक्षात ठेवायचं: ५ सेकंदांहून ताज्या वस्तू तो दाखवत नाही. चाचणी संपली, थोडं थांबा, स्कॅन दोनदा.

२० मार्च, गुरुवार

तिसरी आवृत्ती तपासली. मुनमॅपची चाचणी पास, पिनचे दोन्ही आकडे १०० फेऱ्यांनंतर बरोबरीत, फेल-एन्थ ओपनच्या नऊही जागांवर स्वच्छ, केव्हीफ्रीची चाचणी पास. तक्त्यातला पाचवा रकाना १३ पैकी १२ जागी भरला.

राहिलेली एक पॅच ६ मध्ये. डीएमए चालू असताना प्रोसेस मारली तर वर्कक्यूमधलं काम आणि रिलीज (फाइल बंद होताना चालणारं फंक्शन) दोन्ही तीच पेजेस अनपिन करू पाहतात. रिलीजमध्ये आधी कार्ड थांबवून मग कॅन्सल_वर्क_सिंक घातलं आहे, पण काम सुरू व्हायच्या आधीच रद्द झालं तर पेजेस कोणीच सोडत नाही: २० फेऱ्यांपैकी ३ मध्ये व्हीएमस्टॅटचे आकडे २५७ ने सुटले. कॅन्सल_वर्क_सिंक रद्द केलं की ट्रू देतं. त्या उत्तरावरून रिलीजनेच अनपिन करावं असं सुचवलं. पॅच ६ आणि ९ चौथ्या आवृत्तीसाठी परत, बाकी पॅचेसना मंजुरी.